घराचा नकाशा : मळ कोणता, मजकूर कोणता?

मुंबईंत १८९६ सालीं प्लेगचा उद्भव झाल्यानंतर १८९८ सालीं शहर-सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती पांगविण्यासाठीं त्यानें ज्या वसाहती आंखल्या, त्यांपैकींच दादर-माटुंग्याची एक होय. आजच्या महेश्वरी उद्यानाच्या आसपास १९३० नंतर उभ्या राहिलेल्या इमारतींतून आतां तिसरी-चौथी पिढी नांदत आहे. अशी इमारत दुरुस्तीस किंवा पुनर्विकासास निघाली, कीं प्रथम शोध होतो तो मूळ नकाशाचा. तो सांपडला तरी घड्यांवर विरलेला व डागाळलेला असतो. मग तो स्कॅन करून संगणकावर स्वच्छ करण्याचें काम घरांतील तरुण मंडळी अंगावर घेतात. ही हौस स्तुत्य आहे. परंतु केराबरोबर कुंकवाचा करंडा बाहेर जाऊं नये, इतकी दक्षता हवी.

जुने नकाशे बहुधा निळे असतात. ही रीत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनीं १८४२ सालीं शोधून काढली. लोहक्षार लावलेल्या कागदास जेथें प्रकाश लागतो तेथें तो निळा होतो. रेषेखालीं झांकलेला भाग पांढरा राहतो. संगणकावर तांबड्या रंगाचा अंश तेवढा वेगळा काढला, तर निळी पार्श्वभूमि काळी पडून रेषा उठून दिसतात.

येथपर्यंत सारें ठीक. परंतु संगणकास भिंत दिसत नाहीं, दिसतात ते ठिपके. डाग काढण्याची आज्ञा होतांच ठराविक आकाराहून लहान जें जें असेल तें तो पुसतो. त्यांत बुरशीचा डाग जातो, तशी फूट-इंचांची खूणही जाते, आणि तुटक रेषेनें दाखविलेली सांडपाण्याची वाटही नाहींशी होते. नकाशा केवळ काळा-पांढरा केल्यास हानि याहून मोठी. मंजुरीच्या नकाशांत नवें बांधकाम तांबड्या रंगानें व पाडावयाचें पिवळ्या रंगानें दाखविण्याची वहिवाट आहे. रंग गेला, कीं राहणारी भिंत आणि जाणारी भिंत सारखीच!

मापाचेंही तसेंच. यंत्रांतून सरकतांना कागद लांबी-रुंदींत शेंकडा १ ताणला गेला, तर क्षेत्रफळ सुमारें शेंकडा २ वाढतें. ६०० चौरस फुटांच्या बिऱ्हाडांत ही चूक १२ चौरस फुटांची झाली. माटुंग्यांत तेवढ्या जागेंत देवघर होतें!

म्हणून पहिली रंगीत प्रत, इंचास निदान ४०० ठिपके घेऊन, जशीच्या तशी जपून ठेवावी व सफाई दुसऱ्या प्रतीवर करावी. नकाशावर आंकड्यांत लिहिलेलें एक आडवें व एक उभें माप संगणकावरील मापाशीं ताडून पाहावें, आणि दोन्ही जुळल्यावांचून पुढें जाऊं नये. शंकास्पद खूण पुसण्यापूर्वीं ती घरांतील वडील मंडळींस दाखवावी व मग वास्तुविशारदास विचारावी. कोणती भिंत कोणत्या सालीं फोडली, हें पुष्कळदा आजीच्याच स्मरणांत असतें. संगणकास तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं.