विषाणू सापडला नाही, तरी शोध चालूच हवा

फळझाडांची रोगमुक्त रोपे शेतकऱ्यांना मिळावीत, म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये सुमारे १,७६६ कोटी रुपयांच्या ‘स्वच्छ रोप कार्यक्रमा’ला मंजुरी दिली. त्यातून देशात नऊ केंद्रे उभी राहणार आहेत. प्रयोगशाळा बांधून होतील. पण बागांची तपासणी किती वर्षे चालवावी लागते, हे अमेरिकेच्या अनुभवातून कळते.

पेनसिल्व्हेनिया राज्यात १९९९मध्ये ‘प्लम पॉक्स’ हा विषाणू आढळला. पीच, आलुबुखार, जर्दाळू अशा कठीण आठळीच्या फळांचा हा अत्यंत घातक रोग. फळावर वलये उठतात, ते बेढब होते आणि अकाली गळते. माणसाला यापासून अपाय नाही. पण लागण झालेल्या झाडावर औषधही नाही. ते तोडावेच लागते.

मात्र असे झाड ओळखणे अवघड असते. लागणीनंतर काही वर्षे ते निरोगी दिसू शकते. विषाणू सगळ्या फांद्यांत सारखा पसरत नाही, त्यामुळे झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंची पाने घेऊन ‘एलायझा’ चाचणी करतात. कडक उन्हाळ्यात पानांतील विषाणू कमी होतो, म्हणून नमुने घेण्याची वेळही साधावी लागते. दरम्यान, मावा हा रोग शेजारच्या झाडांवर नेतो आणि बाधित डोळकाडी किंवा कलमांमार्फत माणूसच तो दूरवर पोहोचवतो.

पेनसिल्व्हेनियात सुमारे १,६०० एकर बागा तोडल्या गेल्या, बागायतदारांना भरपाई मिळाली आणि २००९मध्ये ते राज्य रोगमुक्त झाले. न्यूयॉर्क राज्यात २००६मध्ये विषाणू आढळला होता. सलग तीन वर्षांच्या तपासणीत एकही बाधित झाड न सापडल्यावर, २०१९मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. या कामाला वीस वर्षे लागली. शेजारच्या कॅनडाने मात्र २०११मध्ये निर्मूलनाचा नाद सोडून नियंत्रणावर समाधान मानले.

आपल्याकडे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमध्ये ही फळे होतात. पण पुण्याच्या द्राक्षांना आणि नागपूरच्या संत्र्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. योजनेचे यश किती रोपे वाटली, एवढ्यावरच मोजू नये. मातृवृक्ष कितीदा तपासले, तेही जाहीर व्हावे. झाड तोडल्यास भरपाई मिळेल, ही खात्री आधीच द्यावी; नाहीतर शेतकरी रोग लपवेल. आणि ‘काहीच सापडले नाही’ म्हणून तपासणीचा निधी कापू नये. हा निकाल मिळावा, यासाठीच तर तो खर्च असतो.