खंड्या, पाल आणि विज्ञान प्रदर्शन

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की बुलेट ट्रेन आणि खंड्या यांचा तक्ता हमखास दिसतो. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला जपानी गाडी, मध्ये बाण. मूल सगळी माहिती घडाघडा सांगतं, पण त्या बाणाच्या जागी काय काय घडलं असं विचारलं की अडखळतं. शिकण्यासारखं जे आहे ते तर तिथेच आहे. कालव्यावरच्या तारेवर बसणारा खंड्या त्या मुलाने कधी दोन मिनिटं पाहिलेला नसतो, हे मनाला लागतं.

शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनचे अभियंते एइजी नाकात्सु यांच्यापुढची अडचण नेमकी होती. गाडी वेगाने बोगद्यात शिरली की आतली हवा दाबली जाई आणि दाबाची लाट पलीकडच्या तोंडातून मोठा आवाज करत बाहेर पडे. आसपासच्या वस्तीला त्याचा त्रास होई. नाकात्सु स्वतः पक्षीनिरीक्षक. कमी विरोधातून एकदम जास्त विरोधात शिरणारं निसर्गात कोण आहे, हा प्रश्न त्यांना पडला आणि पाण्यात सूर मारणारा खंड्या आठवला. पण काम तिथे संपलं नाही. वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या नळीत सोडून दाबाच्या लाटा मोजल्या गेल्या, चोचीसारखा आकार सरस ठरला, आणि १९९७मध्ये धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेनला ते लांब नाक मिळालं.

ही धडपड वर्गातही होऊ शकते. शाडूच्या सारख्या वजनाच्या गोळ्यांना निरनिराळी टोकं काढू द्या, एकाच उंचीवरून बादलीत सोडू द्या, पाणी किती उडतं ते नोंदवू द्या. खंड्याचं नाव शेवटी घ्या.

पाल तर घरोघरी आहे. ती भिंतीला कशी धरून राहते? मुलं डिंक म्हणतील, लगेच खोडू नका. खिडकीच्या काचेवर बाहेरून चढलेली पाल आतून पाहायला सांगा. बोटांखाली आडव्या घड्या दिसतात, आणि पाऊल उचलताना ती बोटं टोकाकडून मागे वळवत सोडवते. डिंक असता तर काचेवर खूण उरली असती, हे मग मुलंच सांगतात. त्या घड्यांवर अतिसूक्ष्म केस असतात, रेणूंमधलं क्षीण आकर्षण त्यांच्या संख्येमुळे पुरेसं होतं, ही माहिती त्यानंतर द्या. आणि मग काम द्या: भिंतीचा रंग न उखडता तक्ता लावायचा आणि काढायचा आहे.

गुण देताना झिम्बाब्वेतल्या हरारेची ईस्टगेट इमारत आठवावी. वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी वारुळावरून तिची वायुवीजनाची योजना केली. वारुळातली हवा त्यांनी मानली होती तशी खेळत नाही, असं संशोधकांनी पुढे दाखवलं, तरी इमारत चांगली चालते. म्हणून मुलाचा प्राण्याविषयीचा अंदाज चुकला तरी उपाय चालतो का ते तपासा, आणि अंदाज कुठे चुकला हे त्यालाच शोधू द्या. निरीक्षणाच्या वहीला मात्र प्रतिकृतीइतकेच गुण ठेवा.