मीठ कमी करा, पण चव कमी करू नका

रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की घरोघरी पहिली कुऱ्हाड कोसळते ती मिठावर. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची भाजी वेगळी काढली जाते. चार-आठ दिवस तो मुकाट्याने जेवतो. मग पानात हळूच लोणचे येते, पापड येतो आणि महिन्याभरात पथ्य संपते. लोक याला जिभेचे चोचले म्हणतात. मला ते पटत नाही. मीठ काढून घेतले आणि त्याच्या जागी काहीच दिले नाही, तर बेचव अन्न कोण किती दिवस खाणार?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही. सावजी रस्सा आणि तर्री-पोह्यांच्या नागपुरात ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

मिठाची उणीव आंबटपणा आणि सुवास बऱ्याच अंशी भरून काढतात. वरण-भातावर लिंबू आपण पिळतोच. पण साल फेकून देतो, आणि तीही नागपुरात! २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र आंबिया बहाराचे संत्रे बाजारात आले की सालींचे ढीग कचऱ्यात जातात. संत्र्याचा खरा वास रसात कमी, सालीतच जास्त. बाहेरच्या केशरी थरात तेलाचे बारीक बारीक कोष असतात. साल दाबून एकमेकांच्या डोळ्यांत उडवणाऱ्या पोरांना ते पक्के ठाऊक आहे.

किसायचा तो एवढाच थर. त्याखालचा पांढरा भाग कडू लागतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर नीट धरता येत नाही. म्हणून अख्खे फळ धुऊन, पुसून बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवावे आणि मग सोलून खावे. चार माणसांच्या वरणाला अर्धा चमचा कीस पुरतो. तो गॅस बंद केल्यावरच घालावा, कारण उकळीबरोबर सुवास उडून जातो. कोबीच्या कोशिंबिरीत, दलियात, ताकात तो छान लागतो. पालकाच्या पातळ भाजीला मात्र लिंबाच्या सालीचा कीस बरा. सावजी रश्श्यात यातले काही घालू नये. त्या मसाल्यापुढे बिचाऱ्या सालीचे काय चालणार?

एक काळजी मात्र घ्यावी. दूरच्या बाजारासाठी तयार केलेल्या चकचकीत फळांवर मेणाचा थर असू शकतो, आणि बागेत फवारणीही होते. धुतल्याने सगळे निघून जाईलच असे नाही. ओळखीच्या बागायतदाराकडची साधी, मेण न लावलेली फळे मिळाली तर किसासाठी तीच वापरावीत. तीही कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

आता चीज. मुलांना कॅल्शियम मिळते म्हणून डोशावर, पराठ्यावर, पावभाजीवर किसलेल्या चीजचा डोंगर घालण्याची रीत पडली आहे. कॅल्शियम आणि प्रथिने त्यात आहेत, हे खरे. पण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या २० ग्रॅमच्या एका चौकोनी तुकड्यात साधारणपणे अर्ध्या ग्रॅम मिठाइतके किंवा त्याहून अधिक सोडियम असते. स्निग्धांश वेगळाच. पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा.

तरीही मी चीज बंद करा म्हणणार नाही. ते मिठाच्या जागी वापरावे, मिठाशिवाय वर आणखी नको. दुधीची किंवा फ्लॉवरची भाजी बिनमिठाची करावी आणि पानात वाढल्यावर पाव तुकडा अगदी बारीक किसून वर भुरभुरावा. कीस वरच असल्याने खारटपणा जिभेला आधी लागतो आणि थोडक्यात भागते.

बाजारात कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते घरात आणू नये.