पदक मुलींचं, वस्ताद मात्र पुरुषच

कोल्हापुरात मुलगी पदक जिंकून आली की तिची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. हलगी वाजते, चौकाचौकात डिजिटल बोर्ड लागतात, पुढारी फेटे बांधून फोटोत उभे राहतात. मैत्रिणींनो, त्या फोटोकडे एकदा नीट बघा. मुलीच्या एका बाजूला तिचे प्रशिक्षक, दुसऱ्या बाजूला संघटनेचे सचिव, मागे क्रीडा खात्याचे अधिकारी. आई असलीच तर कडेला. पदक मुलीच्या गळ्यात. शिट्टी, स्टॉपवॉच, निवडीची यादी आणि प्रवासाची तिकिटं मात्र पुरुषांच्या हातात.

आमच्याकडे तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. वस्तादाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. काय खायचं, किती झोपायचं, कुणाशी लढायचं, सगळं तोच ठरवणार. या शब्दाचं स्त्रीलिंग कोल्हापुरात कधी कुणाला लागलंच नाही. मुलींनी खेळावं हे आता बरेच जण मान्य करतात. पण खेळ शिकवण्याचं शास्त्र मुलींनी कॉलेजात जाऊन शिकावं, त्याची पदवी घ्यावी, त्यावर स्वतःचं पोट भरावं आणि वस्ताद व्हावं, हे कुणीच मनावर घेतलेलं नाही. दुःखाची गोष्ट ही की स्त्रियांच्या चळवळीच्या मागण्यांतही ते फारसं दिसत नाही.

मी समाजकार्याची पदवी घेऊन गेली दहा वर्षं करवीर आणि राधानगरी तालुक्यांत किशोरींच्या गटांबरोबर काम करते. खेळाडू मी नाही. पण खेळणाऱ्या मुलींचं पुढं काय होतं ते मी रोज बघते, म्हणून हे लिहिते आहे.

खेळाच्या बाबतीत या शहराला अभिमान वाटावा असं खूप आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. पण हा अभिमान कुणाच्या अंगाचा, हेही विचारलं पाहिजे. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली ती २०२३ मध्ये, सांगलीला. मधली बासष्ट वर्षं मुलींच्या अंगात ताकद नव्हती, असं कुणी म्हणेल का?

जिथे संधी मिळाली तिथे मुलींनी करून दाखवलं. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. त्या काळात त्यांना शिकवत होत्या मुंखबायर दोर्जसुरेन. मंगोलियात जन्मलेल्या आणि पुढे जर्मनीकडून खेळलेल्या या बाईंच्या नावावर दोन ऑलिंपिक पदकं आहेत. राहीताईंनी त्यांना स्वतःच्या खर्चाने आणलं होतं. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे कांस्यपदक जिंकून आला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. म्हणजे बाई शिकवते तेव्हा मुलगी जिंकते आणि मुलगाही जिंकतो, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. तरी पुढच्याच वर्षी एखाद्या क्लबला प्रशिक्षक हवा असला की पहिला प्रश्न येतो, "कोण चांगला माणूस आहे का बघा."

हे केवळ आपल्याच देशातलं आहे असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमधल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकांत स्त्रिया होत्या सुमारे १३ टक्के, त्याआधी रिओला ११ टक्के. पॅरिसला स्त्री आणि पुरुष खेळाडूंच्या जागा प्रथमच समसमान झाल्या, म्हणून जगभर टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण शिट्टीचं काय झालं ते कोण विचारणार? अमेरिकेतला अनुभव तर डोळे उघडणारा आहे. तिथे १९७२ साली शिक्षणात लिंगभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. त्यामुळे कॉलेजात खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. कायद्याआधी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत दहातल्या नऊ बायका होत्या. पुढे त्या निम्म्याहूनही कमी राहिल्या. काम बिनपगारी किंवा कमी पगाराचं होतं तोवर ते बायकांचं होतं. त्यात पैसा आणि मान आला, तसे पुरुष आले. स्वयंपाकघरात बाई आणि हॉटेलात आचारी, हा आपल्या ओळखीचाच न्याय आहे. म्हणून "मुली खेळायला लागल्या की बाकीचं आपोआप होईल" असं जे सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. आपोआप होतं ते उलटंच.

मुलींच्या वाटेत नेमकं काय येतं? राधानगरी भागातली एक मुलगी कबड्डीत विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचली होती. बी.ए. झाल्यावर तिला बी.पी.एड. करायचं होतं. शारीरिक शिक्षणाची ही पदवी पूर्वी एका वर्षाची होती, २०१४ च्या नव्या नियमांनंतर ती दोन वर्षांची झाली. अभ्यास चांगला झाला असेल, पण मुलीच्या बापाला त्यात दिसतं ते दोन वर्षांचं शुल्क, दोन वर्षांचं वसतिगृह आणि दोन वर्षं लांबलेलं लग्न. तिची आई मला म्हणाली, "ताई, खेळली तवर ठीक. आता मास्तरीण व्हायचं असंल तर बी.एड. करंल की. ह्ये उड्या मारायचं शिक्षण कशाला?" बापाने एवढंच विचारलं, "नोकरी लागंल का?" या प्रश्नाला माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळांना शारीरिक शिक्षणाचा निदेशक दिला तोच मुळी अर्धवेळ, आणि तोही शंभरावर मुलं असतील तरच.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडवले जातात. तिथली पदविका वर्षभर राहून करावी लागते. वर्षभर पंजाबात राहायला मुलीला कोण पाठवणार? ज्या घरातला मुलगा जाऊ शकतो, त्याच घरातल्या मुलीला "सुरक्षित नाही" म्हणून थांबवलं जातं. आणि मोठं पदक मिळवलंच, तर सरकार बक्षीस म्हणून महसूल खात्यातली खुर्ची देतं. राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाल्या. रिओच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावलेल्या साताऱ्याच्या ललिता बाबर यांचीही त्याच पदावर नेमणूक झाली. त्यांनी ती नोकरी हक्काने मिळवली आहे, त्याबद्दल आनंदच आहे. पण सरकारला विचारायला हवं, की यांनी अंगावर काढून मिळवलेलं ज्ञान पुढच्या मुलींना मिळावं म्हणून मैदानातली तेवढ्याच मानाची, तेवढ्याच पगाराची जागा का नाही? सातबाऱ्याचं काम करायला दुसरं कुणीही मिळेल.

काहींना हा केवळ नोकरीचा प्रश्न वाटेल. मला तो बाईच्या शरीरावर कुणाचा ताबा, हा जुनाच प्रश्न वाटतो. व्यायामाचं शास्त्र म्हणजे नुसत्या उठाबशा नव्हेत. शरीररचना, शरीरक्रिया, आहार, दुखापती, मानसशास्त्र, सरावाचा चढउतार कसा आखायचा, हे सगळं त्यात येतं. आता आपल्या मुलींची शरीरं कशी आहेत ते बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलीला पहाटे चार किलोमीटर पळवलं आणि ती मागे पडली, की तिला आळशी म्हणतात. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी अनियमित होते, थांबते, आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन धोक्याची सूचना दिली. आणि माझ्या गटातली एक मुलगी सांगते, "सर म्हणाले पाळी थांबली म्हणजे सराव नीट चाललाय." तिने घरी सांगितलं नाही, डॉक्टरकडे गेली नाही. सरांचा हेतू वाईट नसेलही. पण अज्ञानाची किंमत त्या मुलीची हाडं मोजतील. उडी मारून उतरताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळतं, आणि योग्य व्यायामाने ते कमी करता येतं. हे ज्याला शिकवलेलं नाही, त्याच्या हाती मुलगी सोपवणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

मग लैंगिक छळाचा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचा आरोप केला. अध्यक्षांनी तो नाकारला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो एप्रिलमध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्या बाईला रस्त्यावर बसावं लागतं, तर आमच्या तालुक्याच्या मैदानावरच्या चौदा वर्षांच्या पोरीने कुणाकडे जायचं? मे २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने डझनाहून अधिक क्रीडा महासंघांना तक्रार समितीबाबत नोटिसा काढल्या. हे झालं दिल्लीचं. आपापल्या जिल्ह्यातल्या संघटनांकडे समिती आहे का, हे आपण कधी विचारलं?

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो मैदानावर कुणी नेलेला नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान क्लब असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदा आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "मुलींना खेळायलाच पाठवू नका मग." छळ करणारा मैदानावर आणि मुलगी घरात, हा कुठला न्याय? दुसरं उत्तर येतं, "बाई प्रशिक्षक असली की सगळं चांगलंच होईल का?" नाही होणार. बायकाही सत्ता गाजवतात, जात बघतात, मुलींना घालूनपाडून बोलतात. म्हणून समिती हवीच, नियम हवेतच. पण निवडही त्याचीच, सरावही त्याचाच, प्रवासात खोलीची किल्लीही त्याच्याकडेच, अशी सगळी सत्ता एका माणसाच्या हाती असणं हेच छळाचं मूळ आहे. ती सत्ता वाटली गेली पाहिजे. आणि तिसरं उत्तर, "बायका लग्नानंतर सोडून देतात." सराव पहाटे पाच आणि संध्याकाळी सहाला, पगार कंत्राटी, बाळंतपणाची रजा नाही, मैदानावर संडास नाही. अशी नोकरी सुटते की सोडायला लावतात?

स्त्री-संघटनांनाही माझं थोडं सांगणं आहे. आपण मुलींसाठी ज्युडो-कराटेची शिबिरं घेतो. शिकवायला बहुतेक वेळा एखादे सर येतात, दहा दिवस शिकवतात, प्रमाणपत्रं वाटून जातात. आत्मसंरक्षण म्हणजे हल्ला झाल्यावर हात कसा पिरगाळायचा एवढंच का? आपलं शरीर कसं चालतं हे समजणं आणि ते दुसऱ्या मुलींना शिकवून त्यावर जगता येणं, हे त्याहून मोठं संरक्षण आहे. परिचारिका, शिक्षिका, शिवणकाम यांच्या पलीकडे मुलींच्या रोजगाराचा विचार करताना ही पदवी आपल्या यादीत असली पाहिजे.

शाहू महाराजांनी मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांवर सोपवली होती. १९०१ पासून इथे वसतिगृहं उभी राहिली, कारण गरिबाच्या पोराला डोक्यावर छप्पर मिळाल्याशिवाय शाळा परवडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच शहरात आज आपण मागूया: शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि शुल्कमाफी. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर प्रवासात एक तरी स्त्री प्रशिक्षक. पतियाळाला जाणाऱ्या मुलीला जिल्हा नियोजनातून शिष्यवृत्ती. सरकारी मैदानांवर प्रशिक्षकांच्या कायम जागा आणि त्यात स्त्रियांचा वाटा. प्रत्येक क्रीडासंकुलाच्या दारावर तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं.

सुरुवात मात्र पत्रकाने करायला नको. या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या तालुक्याच्या मैदानावर जावं, पहाटे, सराव चालू असताना. किती मुली खेळतात, त्यांना शिकवणारी बाई आहे का, संडास आणि पाणी आहे का, समितीचा फलक आहे का, एवढं वहीत लिहून आणावं. आणि गटातल्या खेळणाऱ्या मुलीला विचारावं, "तुला शिकवायला आवडेल का?" हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नसतो. तिचं उत्तर आणि तुमची वही दोन्ही घेऊन आपण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाऊ. तारीख तुम्ही कळवा.