उलटा 'एन' आणि मागे राहिलेली राणी

सांगलीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा भाचा टोरांटोला असतो. तेथल्या एका लिलावात त्याने एक जुनी ब्रिटिश लष्करी रायफल घेतली. तिच्यावर मुकुट आहे, मुकुटाखाली 'व्ही.आर.', मग 'एन्फील्ड', मग 1915 हे साल, आणि शेवटी 'शॉर्ट एल.ई. 3'. विकणारा म्हणाला, खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतली आहे! भाच्याचा बेत असा, की येत्या रविवारी रेंजवर नेऊन दोन-चार बार काढावेत. मामांचा प्रश्न एवढाच, की ही बंदूक बनवली कोणी?

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली 'थ्री-नॉट-थ्री', ती हीच जात. हिचे कुळनाव ली-एन्फील्ड. ली हा कल्पक कारागीर, स्कॉटलंडात जन्मलेला आणि अमेरिकेत नाव काढलेला. एन्फील्ड हे लंडनजवळचे सरकारी कारखान्याचे गाव. पण कुळनावावरून घर ओळखू नये. ही बंदूक अनेक कारखान्यांनी बनवली, आणि प्रत्येकाने आपली खूण ठोकली. ती पाहावयाची उजव्या बाजूस, लाकडी दस्ता पोलादात रोवलेला असतो त्या जागी. 'बी.एस.ए.' असेल तर बर्मिंगहॅमची. (आपल्या वडिलांच्या सायकलीवर तीन बंदुकांचे चिन्ह कशाला, हे कोडे ज्यांना पडले असेल त्यांना येथे उत्तर मिळेल, कंपनी मुळात बंदुकांचीच!) 'एल.एस.ए.' असेल तर लंडनची, 'लिथगो' असेल तर ऑस्ट्रेलियाची, आणि 'ईशापूर' असेल तर आपली, हुगळीकाठची. स्वातंत्र्यानंतर तेथल्या बंदुकांवर 'आर.एफ.आय.' अशी अक्षरे आली, म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर.

दुसऱ्या महायुद्धात मात्र नावे लपली. शत्रूला कारखान्यांचा पत्ता लागू नये म्हणून आकडी खुणा आल्या. 'एम 47 सी' म्हणजे बी.एस.ए.चाच बर्मिंगहॅमजवळचा शर्ली येथील कारखाना. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या बंदुकांवर 'यू.एस. प्रॉपर्टी' असे लिहिलेले असे, जरी त्या निघाल्या होत्या ब्रिटिश सैन्यासाठी! आणि लाँग ब्रांच म्हणाल, तर तो कारखाना या भाचेसाहेबांच्या टोरांटोलाच लागून होता. घराशेजारची अस्सल वस्तू सोडून त्यांनी हे काय पदरात घेतले, ते आता पाहू.

पत्रासोबत फोटो आहे. मुकुट ठीक. पण 'व्ही.आर.' म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि ती 1901 च्या जानेवारीत वारली. 'शॉर्ट' म्हणजे आखूड नमुना त्यानंतरचा. त्यातली तिसरी आवृत्ती तर 1907 ची. 1915 साली गादीवर पंचम जॉर्ज, तेव्हा तेथे 'जी.आर.' हवे. राणी मेल्यावर चौदा वर्षांनी तिचा शिक्का कोण मारील? शिवाय मामांनी निरागसपणे लिहिले आहे, 'एन्फील्डमधला एन उलटा दिसतो, फोटो उलटा आला असेल.' फोटो उलटा असता तर सगळीच अक्षरे उलटी दिसली असती, मामा!

बंदूक एन्फील्डची नव्हे. पेशावरच्या दक्षिणेस, कोहाटच्या वाटेवर दर्रा आदमखेल नावाचे गाव आहे. तेथले कारागीर कानस आणि हातोडीवर हुबेहूब बंदूक उभी करतात. अक्षरे ते वाचत नाहीत, वेलबुट्टी उतरवावी तशी उतरवतात. म्हणून कधी एन उलटा होतो, तर कधी राजा बदलतो आणि राणी तशीच राहते. अशा बंदुका 2001 नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांनीही आठवण म्हणून पुष्कळ विकत घेतल्या.

हातकौशल्याला माझा मुजरा आहे. पण पोलाद कोणते, ते तापवून पाणी नीट दिले की नाही, हे शिक्क्यावरून कळत नाही. गोळी उडते तेव्हा सारा दाब बोल्टवर येतो, आणि बोल्ट असतो गालापासून वीतभर अंतरावर. अस्सल बंदुकीत बोल्ट त्याच बंदुकीला जुळवून बसवतात. म्हणून दोहोंवर एकच क्रमांक असतो, आणि लहानसहान भागांवरही तपासनिसांचे बारीक शिक्के सापडतात. या फोटोत बोल्टच्या मुठीवर तर क्रमांकच नाही.

तेव्हा मामांनी पत्रोत्तराची वाट न पाहता भाच्याला आजच फोन करावा. रविवारचा बेत रद्द. तेथल्या जाणत्या बंदूक-कारागिराकडून नळी व बोल्ट तपासून घ्यावा आणि तो नको म्हणाला तर बंदूक भिंतीवर टांगावी. लिलावाचे पैसे परत मागायचे असल्यास पुरावा हाती आहेच: राणीच्या मृत्यूचे साल आणि उलटा एन.