खंडेनवमीला हार, पण हब बंदच

खंडेनवमीला आमच्या शेडसमोर धुतलेले ट्रॅक्टर उभे राहतात. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाला हळद-कुंकू. ट्रेलर मात्र पावसाळाभर बांधावर जिथं सोडला तिथंच असतो, चाकं चिखलात रुतलेली. महिनाभरानं तोच ट्रेलर दहा-बारा टन ऊस घेऊन रस्त्यावर येतो.

कराड-इस्लामपूर पट्ट्यात सव्वीस वर्षं मी ट्रेलरची कामं करतोय. माझी मागणी एकच आहे. कारखान्यांनी वाहतुकीचा करार करताना, उचल देण्याआधी, प्रत्येक ट्रेलरचं चाक उतरवून हब आणि ब्रेक बघावेत. कागदपत्रं बघतात, रिफ्लेक्टर लावायला सांगतात, ते चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टरनं ट्रेलर दिसतो, थांबत नाही.

ट्रॅक्टरचं वजन दोन-अडीच टन, आणि ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच. मागं दोन ट्रेलर मिळून वीस टनांवर ऊस. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला की उतारावर सगळा भार हुकातून ट्रॅक्टरला ढकलतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी ट्रेलरांना ब्रेक बसवलेले असतात, पण पाइप गुंडाळून तारेनं बांधलेला. विचारलं तर म्हणतात, "चाक धरतंय." सेटिंग चुकलं किंवा स्प्रिंग गंजली की चाक धरतं. ते दुरुस्त करायचं सोडून ब्रेकच काढून टाकायचा, हे मला सहन होत नाही.

2011च्या हंगामात मी दुरुस्त केलेल्या एका ट्रेलरचं चाक निसटलं. हबचा नट मी नीट बसवला होता, पण नवी स्प्लिट पिन शेडमध्ये नव्हती म्हणून जुनीच सरळ करून घातली. ती तुटली, नट सुटला आणि हबसकट चाक रस्ता ओलांडून शेतात गेलं. दहा मिनिटांपूर्वी त्याच रस्त्यानं शाळेची पोरं घरी गेली होती. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आता जुनी पिन हातात आली की मी पक्कडीनं तिचे दोन तुकडे करतो. काही ट्रेलरांत तर पिनेऐवजी वाकवलेला खिळा सापडतो.

हब उघडायचा तर ट्रेलर रिकामा हवा, जागा सपाट हवी, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढंमागं दगड हवेत आणि ॲक्सलखाली घोडी. नुसत्या जॅकवरच्या ट्रेलरखाली मी कुणालाच जाऊ देत नाही. ग्रीस दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, म्हणजे सीलही बदलायचं. बेअरिंगचे रोलर निळसर दिसले तर ते तापलेत, ते परत घालायचे नाहीत. बेअरिंग धुतल्यावर पोरं कंप्रेसरच्या हवेनं गरगर फिरवतात. ते फुटून तोंडावर येऊ शकतं. ड्रममधली धूळही हवेनं उडवू नका. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, धूळ ओल्या फडक्यानं पुसा. नट आवळताना हब हातानं फिरवत राहायचं म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं; मग नट सैल करून बोटांनी टेकवायचा आणि नवी पिन घालायची. फार आवळलेलं बेअरिंग जळतं.

माझा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. तिकडच्या ट्रेलरांना विजेचे ब्रेक असतात. ड्रममधल्या चुंबकाला बारा व्होल्टचा करंट मिळाला की तो ड्रमला चिकटून घासत जातो आणि त्याच्या ओढीनं लायनर दाबले जातात. मला भावली ती एक छोटी पिन. ट्रेलर गाडीपासून तुटला की तिची दोरी ओढली जाते आणि ट्रेलरवरची बॅटरी ब्रेक लावते. तिथल्या अनेक राज्यांत 3000 पौंडांवरच्या, म्हणजे साधारण 1360 किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. त्या ट्रेलरांनाही वर्षातून एकदा बेअरिंग काढून नवं ग्रीस भरावंच लागतं.

आपल्या ट्रेलरांना वीज नको, आहे तो पाइप जोडा आणि हुकाला साखळी लावा. तपासणीसाठी कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक फिटर पावसाळ्यातच गावोगाव पाठवता येईल. तेव्हा ट्रेलरही रिकामे असतात आणि मालकही.

आज माझ्याकडं चार ट्रेलर घोडीवर आहेत. चारींच्या हबांत पाणी निघालं.