बांधण्याआधी दहा मिनिटे

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाला जीपमधून दवाखान्यात आणले. हातपाय जुन्या साडीने बांधलेले. मुलगा ओरडत होता आणि सोबतची सात-आठ माणसे त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती. ‘‘डॉक्टरसाहेब, सोडू नका, चावतो तो,’’ वडील म्हणाले.

आईला ठेवून बाकी सगळ्यांना मी बाहेर बसवले. कात्री, ट्रे उचलून ठेवले आणि चार हात दूर स्टुलावर बसलो. पाणी हवे का, एवढेच विचारले. पाच मिनिटे काही झाले नाही. मग तो म्हणाला, ‘‘हात दुखतात.’’ आईने हात सोडले. पाणी प्याला, तोंडाने गोळीही घेतली. सकाळी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

दर वेळी असे साधत नाही. पण हे शहाणपण मला उशिरा आले. इंटर्नशिपमध्ये असताना, १९९४ साली, बोलू न शकणारी दहा वर्षांची मुलगी आली होती. सारखी डोके आपटायची. आम्ही तिला गॉजपट्टीने खाटेला बांधले, रात्रभर. सकाळी सिस्टरने तिच्या कानातून येणारा पू दाखवला. दुखणे कानाचे होते! बांधणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून पालकहो, मूल एकाएकी बिथरले तर ‘वेड लागले’ किंवा ‘बाहेरचे आहे’ असे ठरवू नका. मेंदूज्वर, फिट, डोक्याला मार, रक्तातील साखर उतरणे, धोतऱ्याचे बी पोटात जाणे, यांपैकी काहीही असू शकते. बांधून ठेवले की तपासणी राहून जाते. त्यातही मुलाला पालथे दाबून धरणे किंवा छातीवर बसणे फार धोक्याचे. श्वास कोंडून मूल दगावू शकते.

२००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांत असलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीवर पूर्ण बंदी आहे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, अगदी गरजेपुरता वेळ, रुग्णाला जखडता येते. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा कारण तेच असते, असे माझे मत आहे. ग्रामीण रुग्णालयात एक शांत खोली आणि मुलांशी बोलण्याचे शिक्षण घेतलेली एक सिस्टर, एवढी मागणी फार मोठी नाही.

रात्री-अपरात्री काय करावे सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. सल्ला मोफत मिळतो. दवाखान्यात आणताना मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे, ती आजी असो की मामा, त्याला शेजारी बसवा. बाकीचे घरी थांबले तरी चालेल.